बाईंचा ळ

बाईंचा मला राग आहे. ‘होता’ असं लिहिणार होतो, पण ते खोटं झालं असतं, आणि खोटं वाक्य बाईंनी लाल पेनानं खोडलंच असतं. जळगावात पिंप्राळ्याच्या बाजूला त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो. एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी होती. खोली चांगली होती, वारा यायचा, पाणी वेळेवर सुटायचं. फक्त तिथं तोंड उघडायची सोय नव्हती.

पहिल्या दिवशी मी फाटकाशी उभा राहून विचारलं, “बाई, खोली खाली शे का?”

बाई आतून आल्या. पांढरी कडक साडी, चष्म्याला दोरी, कंबरेला पेन. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “शे नाही. आहे. आणि खाली नाही, रिकामी. नीट विचार.”

मी नीट विचारलं. काय करणार, बॅग हातात होती. “आहे,” बाई म्हणाल्या, आणि किल्ली दिली.

बाई आयुष्यभर शाळेत मराठी शिकवत आल्या होत्या. निवृत्त झाल्या तेव्हा शाळेनं त्यांना सोडलं, त्यांनी मात्र शाळा सोडली नाही, ती गल्लीत आणली. घरी आलेली लग्नपत्रिका त्या लाल पेनानं तपासायच्या आणि ज्याच्या घरचं लग्न त्यालाच परत पाठवायच्या. शेवभाजीच्या हॉटेलातलं मेनूकार्ड त्यांनी जेवण येईपर्यंत तपासून ठेवलं होतं. भाजीवालीनं ‘केळी’ असं नीट म्हटल्याशिवाय तिच्याकडून फणी घ्यायच्या नाहीत. ती बिचारी दर खेपेला जीभ उलटी करून ळ काढायची आणि पाठ फिरली की आपल्या मूळ वळणावर जायची.

आमच्या अहिराणीत ळ नाही, हे बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. काळा तो काया, केळी त्या केया, मळा तो मया, धुळं ते धुयं. ळ आला की आम्ही य म्हणतो आणि पुढं जातो. कोणाचं काही अडत नाही. बाईंचं मात्र नेमकं तिथंच अडायचं.

आता कोणी म्हणेल, भाषेवर प्रेम होतं बाईंचं. मलाही आधी तसंच वाटलं. मग माझ्या लक्षात आलं, समोरच्या किराणा दुकानातले शेटजी मारवाडी मिसळून मराठी बोलायचे, ‘बाई, थे आज चहापत्ती नाय नेली’ म्हणायचे, तेव्हा बाई हसायच्या. गल्लीतले रिक्षावाले चाचा त्यांच्याशी हिंदीत बोलायचे, बाईही तोडक्या हिंदीत उत्तर द्यायच्या. त्यांच्या चुका बाईंना गोड लागत. काटा रुतायचा तो फक्त अहिराणीचा. कारण बाई स्वतः भडगावकडच्या, गिरणाकाठच्या एका खेड्यातल्या. जे घरात बोलून मोठ्या झाल्या तेच त्यांना सहन होत नव्हतं. परक्याच्या भाषेला पाहुणचार आणि आपली उंबऱ्याबाहेर, हा कुठला न्याय?

एकदा माझी माय आली होती. आमचं गावही भडगावजवळचंच. मायनं घरच्या केळीचा अख्खा घड पोत्यात बांधून एसटीनं आणला होता. तो बाईंच्या ओट्यावर ठेवून ती हौसेनं म्हणाली, “बाई, तुम्हनाकरता लई उनू. ह्या केया आम्हना मयान्या शेतस.”

बाई घडाकडे पाहायचं सोडून मायकडे पाहत होत्या. “केळी,” त्या म्हणाल्या. “आमच्या मळ्यातल्या आहेत. म्हणून पाहा बरं.”

माय हसली. तिला वाटलं, गंमत चाललीय. मग तिला कळलं की गंमत नाही. तिनं पदर पुढं ओढला आणि ‘केडी, केडी’ असं काहीतरी पुटपुटली. ज्या मायनं आयुष्यभर ती केळी लावली, पाणी दिलं, वाऱ्यात आडवी झाली तेव्हा टेकू लावले, ती त्या दिवशी केळीचं नाव विसरल्यासारखी उभी होती. जिन्यात मला म्हणाली, “तुनी बाई भलती हुशार शे, भाऊ. माले तिन्हासमोर बोलानी लाज वाटस.” त्यानंतर ती खोलीवर आली नाही. बसस्टँडवरच भेटायची आणि तिथूनच परत जायची.

माझा राग हा असा आहे. त्याला पत्ता आहे.

बाईंची थोरली बहीण होती. गावाकडे सगळे तिला अक्का म्हणायचे, बाईही अक्काच म्हणायच्या. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानंच बाईंना वाढवलं, शाळेत घातलं, शिकायला शहरात पाठवलं. स्वतः पाटीला हात लावला नाही. पण गाणी जोडायची. कानबाईच्या सणाची, हळदीची, पोरगी सासरी निघते त्या वेळची. पंचक्रोशीत लग्न असलं की अक्का पुढं आणि बाकीच्या बाया मागं. अक्कानं ओळ म्हणायची, मागच्यांनी ती झेलायची.

हे सगळं मला बाईंनीच सांगितलं, आणि ज्या तोऱ्यात सांगितलं तो मी विसरलेलो नाही. बाईंच्या स्वतःच्या लग्नात अक्कानं एक गाणं जोडलं होतं. ‘माय तुनी माया, आंडेरना भरना डोया.’ आंडेर म्हणजे लेक. आई तुझी माया अशी, की लेकीचा डोळा भरून आला. आई तर नव्हतीच, आईच्या जागी अक्काच होती, म्हणजे गाणं कोणी कोणासाठी जोडलं ते समजायला शाळेत जावं लागत नाही.

पुढं कधीतरी भाचीच्या लग्नात अक्का तेच गाणं म्हणत होती. बाई आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना घेऊन गेल्या होत्या. मांडवात सगळ्या बाया बसलेल्या. अक्कानं ‘डोया’ म्हटलं, आणि बाई मध्येच मोठ्यानं म्हणाल्या, “अक्का, डोया नाही. डोळा.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय, हसल्या सगळ्या. अक्काही हसली. पण चूक ती चूक. तिथल्या तिथं दाखवली नाही तर माणूस सुधारत नाही.”

“गाणं पुरं झालं का?”

बाईंनी जरा विचार केला. “नाही बहुतेक. नवरीला गाडीत बसवायची घाई होती.”

त्यानंतर बाई असल्या की अक्का गायची नाही. घसा बसलाय म्हणायची. हेसुद्धा बाईंनी सहज सांगितलं, अक्काचा घसा नाजूक होता म्हणून. मी ओट्यावर बसून ऐकत होतो. माया आणि डोया. एवढं जुळलेलं यमक त्या मराठीच्या बाईंना कसं ऐकू आलं नाही? मांडवात बसून त्यांनी कवितेचा गळा दाबला आणि वर त्याला सुधारणा म्हणाल्या.

अक्का गेली तेव्हा मी बाईंसोबत होतो. माझं गाव वाटेवरच, म्हणून दहाव्याला त्यांना घेऊन गेलो. चौकात पोरांनी अक्काचा फोटो टाकून मोठा फलक लावला होता, ‘भावपूर्ण श्रध्दांजली’. बाई फलकासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी कंबरेचं पेन काढलं आणि ‘ध्द’ला गोल केला. “द ला ध जोडायचा असतो,” म्हणाल्या. भोवती माणसं उभी होती. परतीच्या वाटेवर बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

बाईंचा मुलगा पुण्यात. त्यानं आईला करमावं म्हणून मोठा फोन घेऊन दिला आणि सोबत एक बोलता डबा पाठवला. त्याला तोंडानं सांगितलं की तो इंटरनेटवरून हवं ते गाणं लावायचा. बाई त्याच्याशीही शाळेतल्यासारख्या बोलायच्या. “कृपया एखादे भक्तिगीत लावावे.” डबा गप्प. “लावावे.” डबा हिंदीत म्हणायचा, “माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाई.” बाई म्हणायच्या, “समजत नसेल तर अभ्यास कर.” गल्लीतली पोरं खिडकीखाली उभी राहून हे ऐकायची आणि हसून लोळायची. शेवटी डब्यावर क्रोशाचं झाकण पडलं.

मग ती रिक्षा आली.

संध्याकाळी मी कामावरून येत होतो, बाई फाटकाशी भाजीवालीची परीक्षा घेत होत्या. चाचांची रिक्षा वळणावरून आली, मागं भोंगे लावलेले, त्यात ढणढण डीजेचा ठोका. हल्ली जळगाव काय, धुळं काय, अहिराणी गाण्यांचा नुसता पूर आलाय. प्रत्येकाच्या फोनमध्ये, प्रत्येक वरातीत तेच. मला त्यात नवल नव्हतं. पण ठोका जरा थांबला आणि आतून एका म्हाताऱ्या बाईचा मोकळा, किंचित फाटका आवाज आला, “माय तुनी माया...”

बाईंच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. त्या सरळ जाऊन रिक्षाच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. चाचांनी ब्रेक मारला. बाईंचा चेहरा पाहून त्यांना वाटलं, आवाजावरून भडकल्या. त्यांनी लगेच गाणं बंद केलं. “सॉरी बाई, सॉरी. अपने इधरकाच गाना है. मोबाइल पे आया, सब शादी में बजता है. आवाज क्या है उस बुढ्ढी का.”

बाई तशाच घरात गेल्या. भाचा, म्हणजे अक्काचा मुलगा, गावी होता. त्याला फोन लावला. मोठा फोन त्यांना नीट वापरता येत नव्हता, म्हणून स्पीकर कायम सुरूच असायचा. मी ओट्यावर मेथी घेऊन उभा, सगळं ऐकू येत होतं.

“हाव मावशी,” तो म्हणाला. “मायनंच गानं शे ते. धुयाले जाईसन रेकॉर्ड करं व्हतं. गावन्या बाया बी व्हत्यात संगे. मंग डीजेवालास्नी फोनवर टाकं. नाव टाका, लगेच सापडी.”

“मला का सांगितलं नाहीस?”

पलीकडे तो घुटमळला. “मायनीच सांगं व्हतं. मावशीले सांगू नको म्हने, ती चुका काढी.”

बाईंनी फोन ठेवला. त्याच्याकडून गाणं मागवून घ्यायचं त्यांच्या मनात आलं नसेल असं नाही, पण पुन्हा फोन केला नाही.

त्यानंतर बरेच दिवस बाई दुपारभर फोन घेऊन बसलेल्या दिसायच्या. कधी कुठल्या सिनेमातलं आईचं गाणं वाजायचं, कधी भजन, कधी अंगाई, कधी दोन ओळींनंतर फरशी पुसायच्या औषधाची जाहिरात. बाई गाणं अर्ध्यात तोडायच्या, पुन्हा टाइप करायच्या. एका रविवारी त्यांनी मला खाली बोलावलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

“हे सापडत नाही,” त्या म्हणाल्या. “सगळ्या जगाची गाणी आहेत. अक्काचं नाही.”

मी फोन हातात घेतला. शोधायच्या चौकटीत बाईंनी लिहिलं होतं, ‘आई, तुझी माया’. स्वल्पविरामासकट.

“बाई, हे गाण्याचं नाव नाही.”

“तेच आहे. शुद्ध करून लिहिलं.”

“शुद्ध करून लिहिलं तर ते कसं सापडणार? अक्कांनी म्हटलं तसं लिहा ना.”

“तसं लिहिता येत नाही,” बाई म्हणाल्या. “तुनी असा शब्दच नाही.”

मला लिहिता येत होतं. एका मिनिटात गाणं काढून देता आलं असतं. पण माय माझ्या डोळ्यांसमोर आली, पदर पुढं ओढून ‘केडी’ म्हणणारी. मी फोन खाली ठेवला आणि डब्यावरचं क्रोशाचं झाकण काढलं.

“ह्याला सांगा, बाई. तोंडानं. जसं अक्का म्हणायच्या तसं.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं मी काय करतोय. बाई हुशारच होत्या, माय खोटं बोलली नव्हती. त्यांनी चष्मा काढला, डब्याकडे वळल्या आणि मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता असा आवाज आला, बारीक, खेड्यातल्या पोरीचा.

“माय तुनी माया.”

डब्याचा निळा दिवा फिरला. “माय ट्यून,” डबा आनंदानं म्हणाला, “ये रहा आपके लिए.” आणि कसलंतरी इंग्रजी पिपाणीसारखं वाजायला लागलं.

“असं नाही म्हणाले मी,” बाई म्हणाल्या. “माय तुनी माया.”

“माय ट्यून,” डबा म्हणाला.

“तुनी. तु-नी.” बाईंचा आवाज चढला. “तुला येत नाही म्हणून ते चूक होत नाही. नीट ऐक. तुनी.”

“माफ़ कीजिए,” डबा म्हणाला, “मैं समझ नहीं पाई.”

आयुष्यभर लोकांना सुधारत आलेली बाई एका प्लास्टिकच्या डब्यासमोर बसून ‘तुनी, तुनी’ करत होती आणि डबा तिला हसतमुखानं दुरुस्त करत होता. मला वाटलं होतं, मजा येईल. आली नाही. आता मला डब्याचाही राग आला. तो बनवणाऱ्यांचा आला. कुठं बसून बनवतात हे, आणि आमचं बोलणं न ऐकताच आम्हाला सुधारायला निघतात. मी डब्याची वायर खेचली, फोन घेतला आणि स्वतः लिहिलं. ‘माय तुनी माया.’ पहिल्याच ओळीत आलं.

वर कुठल्याशा डीजेचं मोठं नाव, त्याचा काळा चष्मा घातलेला फोटो. खाली गायिकेच्या जागी नुसतं ‘पारंपरिक’.

“पारंपरिक म्हणजे कोण?” बाईंनी विचारलं. “अक्कानं जोडलंय ते. माझ्या लग्नात. तिला नाव नव्हतं का?”

ह्या एका गोष्टीत बाईंचा आणि माझा राग एकाच बाजूला उभा होता. मी गाणं लावलं.

ठोका सुरू झाला, मग थांबला आणि अक्का आली. बाई ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर. ‘माय तुनी माया...’ अक्कानं ओढून म्हटलं, मागच्या बायांनी झेललं. मग पुढची ओळ आली. ‘आंडेरना भरना’ इथपर्यंत अक्का वाहत्या पाण्यासारखी आली आणि तिथं अडखळली. अगदी किंचित. जीभ उलटी करायला वेळ लागतो तेवढीच. आणि म्हणाली, “डोळा.”

मागच्या बायांनी झेललं, “डोया.”

मला वाटलं, चुकून ऐकलं. पण दुसऱ्या खेपेलाही तेच. अक्का प्रत्येक वेळी तिथं थांबायची, जपून, एखादी जड घागर उतरवावी तसा तो ळ खाली ठेवायची, ‘डोळा’. यमक तुटायचं, गाणं लंगडायचं. मागच्या बाया बेफिकीर, आपल्या ‘डोया’वर. बाई तिथं नव्हत्या. धुळ्याच्या त्या रेकॉर्डिंगच्या खोलीत काय चाललंय ते बाईंना कळायचं काही कारण नव्हतं, अक्कानं तर कळू नये असंच सांगितलं होतं. तरी तिनं तो ळ काढला. मांडवात एकदा चूक दाखवली होती ना, तिथल्या तिथं. माणूस सुधारला होता.

“परत लाव,” बाई म्हणाल्या.

मी परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा बाई फोनकडे वाकल्या. त्यांचा हात कंबरेच्या पेनाकडे गेला, पेन निघालं, आणि ते टेकवायला कुठं जागा नव्हती. काचेवर अक्काचा आवाज, त्याला गोल कसा करणार? पेन तसंच हातात धरून बाई म्हणाल्या, “अक्का, डोळा नाही. डोया.”

गाणं पुढं गेलं. मग जाहिरात सुरू झाली.

त्यानंतर लवकरच माझी धुळ्याला बदली झाली. खोली सोडली. बाईंनी त्या डीजेला पत्र लिहिलं म्हणे, अक्काचं नाव घाला म्हणून, आणि फोनवर जिथं गाणं सापडलं त्या कंपनीलाही, शुद्ध मराठीत. कंपनीकडून इंग्रजीत आभार आले. नाव आलं नाही. गाणं अजून आहे, लग्नसराईत तर कुठंही जा, ऐकू येतंच. धुळ्यात माझ्या खिडकीखालून वरात जाते, अक्का अडखळते, ‘डोळा’ म्हणते, पोरं नाचत असतात. ते आता कोणाला पुसता येणार नाही. बाईंनी शाळेत फळ्यावर लिहिलेलं सगळं पुसलं गेलं असेल. हे एक राहिलं.

मागच्या उन्हाळ्यात राहिलेलं कपाट न्यायला जळगावला गेलो. फाटकाशी चाचांची रिक्षा उभी, गाणं चालू, आणि बाई रिक्षेच्या दांड्याला धरून उभ्या. मला पाहिलं, पण हातानं थांब म्हणाल्या. ओळ आली. आतून अक्का म्हणाली, “डोळा,” आणि बाहेरून बाई, मागच्या बायांच्या सुरात सूर मिळवून, “डोया.” गल्ली आपल्या कामात होती. शेटजींनी दुकानातून पाहिलंसुद्धा नाही, म्हणजे हे रोजचंच असणार.

चाचांनी आरशातून विचारलं, “बाई, बुढ्ढी वहाँ कुछ गलत बोलती है क्या? तुम रोज टोकते.”

“तिची चूक नाही,” बाई म्हणाल्या. “तिला कोणीतरी चुकीचं शिकवलं.”

कोणीतरी, म्हणाल्या. मी, असं म्हणाल्या नाहीत. मी कपाट रागारागानं टेम्पोत ढकललं, आणि मागं फाटकाशी बाई चाचांना सांगत होत्या, “पहिल्यापासून लाव.”